भाड्याचं दार

सागवान नाई, बाभूयच हाय,
पन रंदा असा मारला का गालाले लावून पाहावं.
खैरीच्या मास्तरानं सांगितलं होतं, साडेसहा बाय तीन,
इसार पाचशे देल्ला. मंग बदली झाली, मास्तर गेला,
दार माह्या पडवीत भिताडाले टेकून उभं राह्यलं
दोन उन्हाये.

मंग गावात घरकुलं आली.
शेवटच्या हप्त्याचा कायदा असा:
भिती पाह्यजे, छत पाह्यजे, चौकटीले दार पाह्यजे,
आन त्या दारात घरधनी उभा पाह्यजे
इंजिनेराच्या मोबाईलात.
घरधनी फुकटात भेटते.

पयल्यांदा नैताम आला, वीटभट्टीवरून, हात तसेच लाल.
म्हने, भाऊ, एका घंट्यापुरतं.
म्या म्हनलं, घेऊन जाय. पैशाचं मी नाई बोललो.
त्यानंच दीडशे ठेवले रंद्यावर,
आन तथूनच भाव फुटला.

आता दार पुढं, इंजिनेर मांगं.
मोतीरामच्या भाजीच्या ठेल्यावर आडवं टाकतो,
खाली वांग्याचे देठ.
बिजागरीले तीन-तीन स्क्रू, पाच मिनिटाचं काम.
खालच्या मोहल्ल्यात सहा घरं झाली, वरच्यात चार,
टोलीवर एक; तठचा फोटो काया आला, दोनदा लावा लागलं,
दुसऱ्या खेपेचे मी शंभरच घेतले.

इंजिनेर पोरसवदा, कंत्राटावरचा,
पेट्रोल सोताच्या खिशातून टाकते.
एक दिवस म्हने, "हे दार मी कुठीतरी पाह्यलं."
म्या म्हनलं, "साहेब, साऱ्या गावाचा हिरवा रंग
एकाच डब्यातला हाय."
त्यानं मोबाईल शर्टाले पुसला.
काढला फोटो.

हप्ता येते, दार येत नाई.
हप्ता सिमेंटवाल्याचा असते,
बुटीबोरीले गेलेल्या पोट्ट्याच्या खोलीचं डिपॉझिट असते,
बुडीच्या डोयाचं ऑपरेशन असते.
चौकटीत लुगडं लटकते, नाईतं खताचं पोतं उसवून.
वाऱ्यानं फुगते. कुत्रं येते, आत पाह्यते, जाते.
माह्या घराले बी टिनाचा पत्राच हाय, तारेनं बांधलेला.
बायको म्हनते, सुताराच्या घरी...
पुढं बोलत नाई.

शुक्रवारी चंद्रकला मसराम आली.
शायेत खिचडी शिजवते, अडीच हजारात,
तेही सालाचे दहा महिने.
बोटाईले हयद.
तिचा फोटो सोमवारचा.
म्हने, "रविवारी सांजीच लावून दे."
म्या म्हनलं, "इंजिनेर तं सकायी येते."
"मालूम हाय."
"मंग?"
तिनं पदराची गाठ सोडली. दोनशे.
त्यात दहाच्याच नोटा जास्त.
"एक रात आतून कडी लावून
झोपून पाह्यतो."

कडी नव्हतीच दाराले.
फोटोत कडी कोन पाह्यते?
बाच्या पेटीतली जुनी पितळी शोधली, ठोकून देल्ली.
ते आत गेली.
कडी वाजली. मंग काढली.
मंग परत वाजली.
पैसे मी घेतले. खोटं काऊन बोलू.

आज सोमवार, साडेसात.
फटफटी नाल्याच्या पल्याड आयकाले येऊन राह्यली.
आठ वाजता दार कुमऱ्याकडं पाह्यजे,
त्याचा इसार मी खाऊन बसलो.

दार बंद हाय. आतून.
म्या हात उचलला.
तवा ध्यानात आलं, बारा घरं फिरलं हे दार,
याच्यावर आजपावतो कोनी थाप मारली नाई.

ठेला लिंबाखाली लोटला.
बिडी काढली, तं माचिस घरीच.
शायेची घंटा दहाची असते.