फाटक

नकाशात बोटभर रस्ता,
आस्तुरियासच्या डोंगरात दुपारभर वळणंच.
हिरवळ इतकी उभी
की गाई खुंटीला टांगल्यासारख्या चरत होत्या,
आणि आम्ही फोटोपुरते थांबत, निघत, थांबत.

बेलार्मिनोने फाटक उघडलं.
"जाताना लावून घ्या," एवढंच म्हणाला,
लांब दांड्याच्या विळ्याला धार काढत राहिला.

वरची घरं कोणाची?
गेली माणसं. खाणीत, बेल्जियमला, मातीत.
तिन्ही किल्ल्या याच्याच खिशात.
रोज दिवेलागणीला चढतो,
घरटी एक दिवा लावतो,
गुडघ्यांना शिव्या घालत उतरतो.

कशासाठी?
हनुवटीने दरीपलीकडे दाखवलं:
एतेल्विना. एक्याण्णव वर्षांची.
निजण्याआधी दिवे मोजते.
चार भरले नाहीत तर बसून राहते.

अंधार खालून चढला.
ओढा बुडाला, मग सफरचंदाची झाडं,
मग हिरव्याचा नुसता ओला वास.

तिसऱ्या वळणावर आठवलं, फाटक!
टॉर्च घेऊन धावत मागे आलो,
कडी घातली.

पलीकडे तिची खिडकी अजून उजेडात.
पुन्हा पहिल्यापासून
मोजत असावी.