कापडाची पाठ

आठ दिवस नवं मशीन शिकायला पाठवलं होतं शेठनं.
त्यातला एक रविवार माझा.
ओनिशीनं चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून दिलं,
जायची गाडी, यायची गाडी,
मधे सगळं मोकळं.

“मग काय बघितलात?” राजमणी विचारते.
मांडीवर सूप, दातात दोरा,
कारखान्यात आज छाट जास्त काढली म्हणून धुसफुसत.
घरकुलात लाईट गेलेली.

काळी घरं, म्हणालो. मातीची, भिंती हातभर जाड.
कधीकाळी पेठ जळाली, त्यात अशीच काही उरली,
म्हणून मग सगळ्यांनी तशीच बांधली.
रताळ्याचं आइस्क्रीम खाल्लं.
“उपास होता काय?”
आणि एक लाकडी मनोरा. वर घंटा.
दिवसातून चारदा वाजते.
“कुणाची पाळी सुटते?”
कुणाची नाही. वाजते आपली.
आमच्याकडं उलटं झालंय,
पाळ्या आहेत, भोंगा गेला.

दुकानाचं मात्र सांगता येईना लवकर.
गल्लीच्या टोकाला, आत एक म्हातारी.
निळ्या-तांबड्या बारीक रेघांचं सुती कापड.
मी हात लावला आणि सवयीनं उलटवलं.
गिऱ्हाईक तोंड बघतं कापडाचं.
आम्ही पाठ बघतो:
तार कुठं तुटली, गाठ कुठं मारली,
विणणारा त्या दिवशी जेवला होता की नाही.

म्हातारीनं चष्मा वर केला.
माझं बोट धरून घट्टा चाचपला,
मग स्वतःचा दाखवला. त्याच जागी.

“इंदो,” म्हणाली.
हो, इंदो. सोलापूर.
तिनं मान हलवली, कापडावर टिचकी मारली: इंदो.
मी छातीवर हात ठेवला: इंदो.
असं तीनदा.
मग दोघंही हसलो, आणि गाडीची वेळ झाली.

विमानतळावर ओनिशीला विचारलं.
म्हणाला, त्या रेघा तुमच्याकडच्या.
दोन-तीनशे वर्षांमागं जहाजातून आलेल्या,
त्या बघून आमच्यांनी माग लावले.
कुठलं बंदर, त्याला नक्की ठाऊक नव्हतं.
कुणी विणलं, ते कुणाला असणार?

आजा तेलंगणातून चालत आला सोलापुरात,
धोटा कमरेला खोचून.
त्याच्या मागचं आम्हाला काही माहीत नाही.
मी तर टॉवेल काढतो. पांढरे. रेघ नाही, काही नाही.

पिशवीतून वीतभर तुकडा काढला.
तेवढाच परवडला.
राजमणीनं तंबाखूचे हात पदराला पुसले,
तुकडा दाराच्या उजेडात नेला
आणि तोंड न बघताच उलटा केला.

“गाठ आपल्यासारखीच मारतात की,” म्हणाली.
सूप पुन्हा मांडीवर ओढलं.
हजारातल्या दोनशे अजून व्हायच्या होत्या.