नखाची खूण

इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागे,
डोमाजी बावण्यांची भट्टी.
पोतं उपडं केलं मी:
बापाच्या छापखान्यातले खिळे,
काही अजून शाईनं काळे,
लग्नपत्रिकांतले 'श्री', मयतीच्या कार्डांतले 'कै.'

त्यांनी एक उचलून फरशीवर टाकला.
खण्ण वाजला.
"हे नाही चालत भौ. अँटिमनी हाये याच्यात.
गोळी कडक होते, नळीत ठासताच येत नाही.
शिसं कसं पायजे, आंग चोरून बसणारं."

मग टेलिफोनच्या जुन्या केबलचं साल
माझ्या हातात दिलं. "नख लावा."
लावलं. चंद्रकोर उमटली.
फरशीवर पडलं तेव्हा नुसतं ठप्प,
भिजल्या कणकेसारखं.

बंदूक मामाची, रामटेककडची,
परवाना रानडुकरांपुरता.
चार किलो साल तोलून घेतलं.

खिळे परत पोत्यात भरले, एकेक.
बाप म्हणायचा, हजार प्रती निघाव्या
आणि वेलांटी झिजू नये.

"तुमचा एक राह्यला भौ, चिमट्याखाली."
'ळ' होता, उलटा.
उगाच नख लावून पाहिलं.
नखच मोडलं.