टकटक थांबली

औलूमध्ये जानेवारीत उजाडायला दहा वाजतात.
तोवर मी यादी वाचते,
रात्री कोण काय टाइप करून आमच्या दाराशी आलं त्याची.

तौनोचं दुकान बॉयलरचं. तीन माणसं, एक व्हॅन,
आणि एक वेबसाइट, जी माझ्या गळ्यात पडली
कारण मी हिशेब लिहिते आणि माझं शुद्धलेखन बरं आहे.

तौनो म्हणतो, बॉयलर शब्द दिसला की किंमत दाखव.

'बॉयलर किंमत' : ठीक. हा पाकीट काढून बसलाय.
'बॉयलर कोणता चांगला' : याचं अजून घरात बोलणं झालेलं नाही.
'तौनो बॉयलर फोन' : याच्याकडून फक्त नंबर हरवलाय,
याला आपला इतिहास सांगत बसू नये.

आणि ही एक ओळ, पहाटे तीन बाराची :
'बॉयलर टकटक थांबली'.
सुरू झाली नव्हे.
थांबली.
बाहेर उणे सव्वीस.
मी कॉफी खाली ठेवते.

ओठावर तीनच शब्द.
पोटातलं कोण टाइप करतं?
स्वयंपाकघरात कोट घालून उभं असलेलं कुणीतरी,
आतल्या खोलीत झोपलेलं कुणीतरी,
आणि आम्ही पुढे केलेली
सवलतीची पाटी, हसरं कुटुंब, बारा हप्ते.

"तौनो, गेल्या वर्षी हिल्याबाई वॉशरची किंमत विचारायला आल्या,
तू किंमत सांगितलीस?"
"त्यांचे बूट ओले होते," तो म्हणाला.
"मी विचारलं, पाणी कुठवर आलंय."
मग गप्प बसला.
मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला.

नव्या पानाची पहिली ओळ त्याची :
पाइपाला हात लावून बघा.
कोमट असेल तर सकाळपर्यंत वेळ आहे.
गार असेल तर नळ थेंबथेंब चालू ठेवा,
आणि फोन करा. मी उठतो.
किंमत कुठेच नाही. त्याला ते दोन दिवस सलत होतं.

फेब्रुवारीत पुन्हा तेच तीन शब्द, चार चाळीसला.
कुणीतरी त्या पानावर दोन मिनिटं थांबलं,
कशालाही बोट न लावता निघून गेलं.
फोन नाही, निरोप नाही.

"गेला?" तौनोनं विचारलं.
"गेला."
त्यानं हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत.
"झोपला असेल," म्हणाला.