आतून

अब्दलीच्या वाटेवर, शेतं संपतात तिथं,
कंपनीची गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते.
बावीस सीटा, कुरकुरणारं एक दार.
जानेवारीत पहाटे साडेतीनला काचेवर दहिवर.
ते बाहेरून. त्याचं काही नाही.
मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डानं खरवडलं की गेलं.

त्या दिवशी खरवडलं, तरी काच पांढरीच.
आत शिरून बोट लावलं,
नखात बर्फ आला.

मी निफाडचा. थंडी मला शिकवू नका.
पारा घसरला की आम्ही द्राक्षबागेत
ओला पाचोळा पेटवून रात्रभर धूर धरायचो,
घडांना तेवढीच ऊब.
म्हणून एवढं कळतं:
रिकामी गाडी श्वास घेत नाही.
काच आतून गोठायला आत कुणीतरी लागतं.

मागच्या सीटखाली, सिमेंटच्या गोण्यांत गुंडाळलेला
तो निघाला. शफीउल, नेत्रकोनाचा.
वय तो एकवीस सांगतो, मिशी सतरा सांगते.
खोलीतल्या अकरा जणांनी
हात जोडून त्याला बाहेर काढलेलं, खोकल्यापायी.
मेडिकलमध्ये एकाच्या छातीत डाग निघाला
तर बाकीच्यांचीही तपासणी,
आणि मग कोण कोण विमानात, कुणी सांगावं.
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि माझीच वाफ काचेवर जाऊन बसली.

फोरमन शुक्री सहाला गाडीभोवती फेरी मारतो.
डिझेल मोजतो, टायर मोजतो, ओलही मोजेल.
म्हणून शिकवत गेलो पोराला, रोज रात्री थोडं थोडं:
मोज्यात तांदूळ भर, गाठ मार, काचेपाशी ठेव.
पायपुसण्याखाली रद्दी घाल, भिजली की बदल.
काचेवर अर्धा बटाटा चोळ, मग कोरडं फडकं.
धुतलेला बनियन आत वाळत घालू नकोस, गाढवा.
आणि खिडकी दोन बोटं उघडी.

"थंडी लागते, भाई."
"लागू दे. श्वास बाहेर गेला पाहिजे.
आत साठला की तो चुगली करतो."
हे हिंदीत बोललो.
मराठीत असतं तर जरा मऊ निघालं असतं.

पहाटे मी हीटर आणि एसी दोन्ही एकदम लावायचो.
शुक्रीनं विचारलं, बरस्ती, हिवाळ्यात एसी?
बोरस्ते त्याच्या जिभेवर बसत नाही.
बरस्ती म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची झोपडी,
खाडीतल्या जुन्या लोकांची, वारा आरपार जाणारी.
म्हटलं, काचेसाठी, मुदीर.
खोटं नव्हतं ते.

एकोणिसाव्या पहाटे काच आतून कोरडी ठाक.
आधी शाबासकी द्यावीशी वाटली.
मग पोटात काहीतरी खाली गेलं.
गोण्या घडी घालून ठेवलेल्या.
मोजा धुतलेला, पिळलेला.
तांदूळ नव्हते.

विचारलं खूप. कॅम्पच्या गेटवर, बकाल्यात,
जहराच्या दवाखान्यात वॉचमनला फोटोशिवाय काय सांगणार,
बारीक आहे, खोकतो.
तो म्हणाला, सगळेच.

फेब्रुवारीत एकदा भुरभुर लागली.
बावीस जण ओल्या जॅकेटांसकट चढले,
बोलले, जांभया दिल्या, काचा भरल्या.
आणि मागच्या डाव्या काचेवर
धुक्यातून अक्षरं वर आली.
बोटाचं तेल असं सहज जात नाही.
वरच्या रेघेला टांगलेली अक्षरं, आमच्यासारखीच,
पण मला दार न उघडणारी.

मोफिझुलनं मान तिरकी करून वाचलं:
"दोन बोटं उघडी ठेवली होती."
आणखी काही?
"नाही. नावसुद्धा नाही."

शुक्रवारी गाडी धुतात पोरं.
ती काच मी कुणाला देत नाही.
ऊन चढलं की मजकूर नाहीसा होतो,
माणसं चढली की परत येतो.