डावा कान

महापे ते नेरूळ, कंपनीची बस,
एकच वायर दोघींत.
उजवा कान माझा, डावा प्रणिताचा.
कोपरखैरण्यापर्यंत एक गाणं, तुर्भ्याला तेच पुन्हा,
आणि तिची बोटं रिकाम्या डब्यावर ठेका धरायची
नेमकी भलत्याच जागी.
मी मनात हसायचे:
बाईला तालाचं अंगच नाही.

मग तिने नोकरी बदलली, सांगलीला गेली.
डावा कान गळ्यात नुसता लोंबत राहिला,
मी लावला नाही कधी.
का, ते विचारू नका. सवय.

काल वाशीच्या मैदानात तीच मंडळी, तेच गाणं.
तिकीट सातशे, खुर्ची प्लास्टिकची,
डास फुकट.
दुसऱ्या कडव्याआधी सगळं थांबतं,
निदान माझ्याकडे तरी रोज थांबतं,
तिथे स्टेजच्या कडेला, उजेड संपतो तिथून,
एका म्हाताऱ्या दिमडीवाल्याच्या
दोन थापा.
खोडकर, जराशा उशिरा,
अगदी तिच्या डब्यावरच्या.

फोन लावला, हात उंच धरला.
गाणं संपल्यावर कानाशी नेला तर ती ओरडत होती,
अगं नुसता गोंगाट येतोय,
आहेस कुठे तू?

म्हटलं, डावीकडे.