टाचे

मुनाफ मिस्त्रीनं पहिल्या दिवशी हत्यारच काढलं नाही.
बिडी कानावर, आणि बोटाचं पेर वाजवत
न्हाणीच्या भिंतीवरून फिरत राहिला,
मधेच थांबून, कान लावून.
इथं भरीव. इथं भरीव. इथं —
"पोकळ बोलती बघा, ताई."
मी वाजवून पाहिलं. आधी कळलं नाही,
मग कळलं: तडकलेला माठ बोलतो तसं.
व्यंकटनं खडूनं गोल काढले,
दुपारपर्यंत भिंत म्हणजे
ढ पोराची तपासलेली वही.

खालून गुडघाभर लोणा चढलेला.
अठरा वर्षांचं बोअरचं खारं पाणी,
चिमटीत धरलं तर पीठ.
"हे झाडल्याबिगर फरशी लावली
तर दिवाळीला लावली, शिमग्याला खाली."

मला वाटायचं, भिंत तयार करायची
म्हणजे गुळगुळीत करायची,
नवरीला हळद लावतात तशी.
मिस्त्री हसला.
"गुळगुळीताला काय धरतंय?
हिला टाचे पाहिजेत. पेरापेरावर एक."
ठक. ठक.
सेलूच्या आमच्या गल्लीत दोन दिवस
दुसरा आवाजच नव्हता.
शेजारच्या विमलकाकू विचारून गेल्या,
पाडायलात का बांधायलात?
आई ओसरीवरच्या खाटेवरून म्हणाली,
दोन्ही.

(हे सगळं तिच्यासाठीच.
खुब्यात गज घातल्यापासून
तिला पाटावर बसणं नाही,
आणि जुन्या शहाबादीवर शेवाळ.)

ओळंबा सोडला तेव्हा कळलं,
भिंत वरून बोटभर पुढं आलेली.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
वाकडीलाच सरळ समजून
तिच्यासमोर उघडे झालो.

तिसऱ्या दिवशी तो डाग.
नळाच्या उजव्या हाताला, कमरेच्या जरा वर,
तळव्याएवढा, काळपट.
अण्णांनी तीनदा चुना दिला होता त्यावर,
तीनदा तो वर आला होता.
व्यंकटनं पाण्याचा शिपका मारला:
सगळी भिंत घटाघटा प्याली,
तेवढी जागा प्याली नाही.
थेंब तसेच उभे.
"तेल हाय," मिस्त्री म्हणाला. "कुणाचा हात?"

शनिवारी डोक्याला करडईचं तेल चोपडून
आई नहायची.
उठताना तिथं हात टेकायची.
हाक कुणालाच मारायची नाही,
म्हणून आम्हाला वाटायचं,
आई नुसतीच उठते.

तेवढं राहू द्या, म्हणणार होते.
पण तेलावर सिमेंट धरत नाही,
हे आता मलाही ठाऊक.
सोड्यानं घासलं. ढिम्म.
मग छिन्नी.
डाग वरवरचा नव्हताच,
गिलावा खाऊन पार विटेपर्यंत गेलेला.
व्यंकटनं घमेल्यात भरून नेला
आणि गल्लीतल्या खड्ड्यात ओतला,
बाकीच्या मलब्याबरोबर.

दांडा कुठं बसवायचा ते मी
कागदावर मोजून ठेवलं होतं,
दवाखान्यातल्या पोरानं सांगितलेली उंची, इंचात.
मिस्त्रीनं कागद पाहिला,
नीट घडी घालून माझ्या हातात दिला.
खड्ड्यात माल दाबून भरला, थापी फिरवली,
वर खिळ्यानं फुली मारली.
"दांडा हितं. हात हितंच येणार बघा."
मग टँकरच्या गोड्या पाण्यानं सगळी भिंत भिजवली.
खारं नको म्हणाला आता हिच्या अंगाला.

तो गेला, आणि लाईटही गेली.
काठीची टकटक न्हाणीकडं गेलेली ऐकली मी,
धावले तोवर आई उंबऱ्याच्या आत,
उभी,
पदराला हात पुसत.
"ओलं हाय की गं अजून."

सकाळी मिस्त्री फुलीपुढं बराच वेळ उकिडवा बसला.
फुली मोडलेली.
चार बोटं, अंगठा,
बांगडीची एक वाकडी रेघ.
मी म्हटलं, बुजवून घ्या.
"कशापायी?" म्हणाला, आणि पेरानं वाजवून पाहिलं.
"चांगलं धरंल."